टोपलीचा हिशेब

आखाजी आली की खानदेशात शेतीचे जुने वर्ष संपते व नवे लागते. सालदार याच सणास राहतो आणि याच सणास सुटतो. त्याचे साल ठरते, त्याने घेतलेली उचल वजा होते आणि वहीचे पान उलटते. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात. परंतु कर्त्या शेतकऱ्याचे चित्त त्या दिवसांत अवजारांकडे असते. वखराची पास झिजली आहे काय, पांभर दुरुस्त आहे काय, फवारणीचा पंप चालतो काय, ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या आहेत काय, हे सारे तो पाहतो व पाहिलेच पाहिजे. या मोजदादीत एक वस्तू मात्र आम्हांस क्वचितच आढळली आहे. ती म्हणजे टोपली.

वास्तविक पाहता शेतातून घरी येणारा किती तरी माल प्रथम टोपलीत पडतो. भुईमुगाच्या शेंगा, मिरची, वांगी, कांदे, खुडलेली कणसे, एवढेच नव्हे तर उकिरड्यावरून शेतात जाणारे शेणखतही टोपलीनेच वाहिले जाते. आणि ती टोपली बहुधा स्त्रीच्या डोक्यावर असते. पुरुषाच्या हातचे नांगर-वखर आपण अवजारांत गणले. स्त्रीच्या डोक्यावरची टोपली मात्र घरातल्या केरसुणीच्या पंक्तीस बसविली. हा भेद केवळ मानाचा नाही, पैशाचाही आहे. जे अवजारांत गणले जाते त्याच्यासाठी खर्च धरला जातो. जे गणले जात नाही ते मजूर बाईने आपल्या पदरचे आणावे, किंवा त्यावाचून चालवून घ्यावे, असा रिवाज पडतो.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. टोपली हे शेतीचे अवजार आहे. ते शेतमालकाने पुरविले पाहिजे. ज्या बांबूची ती होते तो बांबू आपल्या शिवारात उगवला पाहिजे. आणि ती जिच्या डोक्यावर जाते तिच्या मानेच्या बेताने ती भरली गेली पाहिजे. या चार गोष्टी निरनिराळ्या वाटल्या तरी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

हे आम्ही पिंप्राळ्याचे शिवार डोळ्यांपुढे ठेवून लिहीत आहो. आषाढी एकादशीच्या रथामुळे हे गाव सर्व जिल्ह्यास ठाऊक आहे. आज ते जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आले असून, जेथे पूर्वी पिके डोलत होती तेथे बऱ्याच ठिकाणी वसाहती झाल्या आहेत. तथापि शेती कसणारी घरे अजून आहेत. मजूर बाया सकाळी रिक्षात दाटीने बसून दूरच्या शेतावर जातात. त्यांच्याजवळ डब्याची पिशवी असते, विळा असतो. टोपली सहसा नसते. शेतावर गेल्यावर जे मिळेल त्यात माल भरावयाचा. कोठे सिमेंटचे रिकामे पोते, कोठे खताची प्लास्टिकची गोणी, कोठे गवंडीकामातले लोखंडी घमेले.

आमच्या स्वतःच्या शेतातही असेच चालले होते, हे कबूल केले पाहिजे. उन्हाळी भुईमूग निघाला त्या वेळची गोष्ट. वैशाखाचे ऊन; जळगावचे ऊन म्हणजे काय ते वाचकांस सांगणे नको. शेंगा वाहण्यास आम्ही घमेली दिली. घमेले मजबूत असते, फुटत नाही, म्हणून ते आम्हांस काटकसरीचे वाटे. दुपारी एका वयस्क बाईने भरलेले घमेले बांधावर खाली ठेवले आणि म्हणाली, ‘भाऊ, घमेलं तापतं, चुंबळीतून डोकं भाजतं. टोपल्या कुठी गेल्या?’ आम्ही घरी येऊन माळा पाहिला. दोन टोपल्या निघाल्या. एकीचा काठ सुटलेला, दुसरीचे बूड भुंग्याने पोखरून पीठ केलेले. किती वर्षांत टोपली विकत घेतली नाही याचा आठव करू लागलो तो आठवेना. चूक त्या बाईची नव्हती, घमेल्याचीही नव्हती, आमची होती.

टोपलीचे गुण आपण विसरलो आहोत, म्हणून ते येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पहिला गुण हलकेपणाचा. बाईने माल वाहावा, भांडे वाहू नये. बांबूची टोपली लोखंडी घमेल्याहून हलकी असते, म्हणजे तितकाच भार सोसून माल अधिक येतो, अथवा तितकाच माल आणून मानेस आराम मिळतो. दुसरा गुण विणीचा. विणीच्या फटींतून भुईमुगाची माती चाळली जाऊन शेतातच राहते. गोणीत ती मातीही घरी येते आणि वाहणारीच्या डोक्यावरून येते. तिसरा गुण वाऱ्याचा. तोडलेली मिरची, वांगी, पालेभाजी ही तोडल्यानंतरही श्वास घेत असतात व त्यांतून ऊब आणि ओल बाहेर पडते. बंद गोणीत ती ऊब कोंडते, माल घामेजतो, खालचा दबतो. टोपलीत वारा खेळतो. ज्या भरताच्या वांग्यास व ज्या केळीस सन २०१६ मध्ये जळगावच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, त्या मालाचे मोल त्याच्या कातडीवर ठरते. एक ओरखडा पडला की भाव उतरला. अशा मालास गोणी ही शत्रूच समजावी.

चौथा गुण आम्हांस सर्वांत मोठा वाटतो, आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. टोपलीस काठ असतो, आणि काठ ही मर्यादा आहे. मध्यम आकाराच्या टोपलीत किती माल मावेल हे वीण घालतानाच ठरलेले असते. गोणीस अशी मर्यादा नाही; ती तोंडापर्यंत दाबून भरता येते. काम उक्ते असले म्हणजे खेपा वाचविण्यासाठी बाई स्वतःच ती दाबून भरते, आणि आपण ते पाहून तिच्या कामसूपणाची वाखाणणी करतो. पुढे तिची मान व कंबर धरते तेव्हा मात्र ती आपल्या शेतात नसते.

मग इतक्या गुणांची वस्तू मागे का पडली? प्लास्टिक स्वस्त झाले हे एक कारण खरे. परंतु तेवढ्यावर थांबणे बरोबर नाही. टोपली महाग होण्याचे मूळ बांबूच्या दुर्मिळतेत होते, आणि त्या दुर्मिळतेत कायद्याचाही भाग होता. बांबू हे वनस्पतिशास्त्राप्रमाणे गवत होय. ज्वारी, गहू, ऊस यांच्याच कुळातले. परंतु सन १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत ताडामाडांबरोबर बांबूसही बसविले. त्याचा परिणाम असा झाला की शेतकऱ्याने आपल्या बांधावर लावलेला बांबू तोडून बाजारात न्यावयाचा तर तोडीच्या व वाहतुकीच्या परवान्याची यातायात पाठीस लागे. ज्वारीचे ताट कापण्यास कोणी परवाना मागत नाही. तिच्याच कुळातल्या बांबूस तो लागे. असल्या पिकाच्या नादी कोण लागणार? बांधावरची बेटे गेली ती पुन्हा लावली गेली नाहीत. राहिले ते सातपुड्यातले मानवेल. त्यास वनखात्याचे नियम होते, आणि तापीपार जाऊन ते आणणे बुरुडाच्या गाठीस परवडेनासे झाले.

हे बंधन नव्वद वर्षांनी सुटले. सन २०१७ च्या नोव्हेंबरात निघालेल्या वटहुकमाने, आणि पुढे सन २०१८ च्या आरंभी झालेल्या कायद्याने, ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. वनाबाहेरील जमिनीत वाढविलेला बांबू आता त्या कायद्यापुरता वृक्ष राहिला नाही. वनातल्या बांबूविषयी म्हणावयाचे तर सन २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपजांत धरला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावच्या ग्रामसभेने सन २०११ मध्ये आपल्या वनातील बांबू स्वतः तोडून विकण्याचा हक्क प्रत्यक्ष बजावून दाखविला, ही गोष्ट सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांनीही ध्यानात घेण्याजोगी आहे. तात्पर्य, कायद्याची सबब आता आपल्यापाशी उरली नाही. उरला तो आळस.

बांबूबरोबर बुरुडाचाही विचार केला पाहिजे. पूर्वी खळ्यावर रास झाली की बुरुडास त्याचे धान्य मिळे व त्याच्या मोबदल्यात तो वर्षभर पाट्या, टोपल्या, सुपे, दुरड्या पुरवी आणि सुटलेले काठ बांधून देई. तो व्यवहार मोडला. त्यात बुरुडास मिळणारी वागणूक पाहता तो सर्वांशी चांगला होता असेही आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच्या जागी रोखीचा न्याय्य व्यवहार मात्र आपण उभा केला नाही. बाजारात बुरुडाच्या बाईपुढे आपण उभे राहतो आणि टोपलीच्या किमतीत दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. ती आम्हांस एकदा म्हणाली, ‘भाऊ, भाव तुम्ही टोपलीचा करता, बांबूचा भाव आमच्याशी कोण करतं?’ तिचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. बांबू चढ्या भावाने घ्यावयाचा, तो चिरावयाचा, कामट्या तासावयाच्या, बूड धरून वीण चढवावयाची, काठ वळावयाचा, आणि शेवटी जे उरेल ती मजुरी. आपण जे रुपये कमी करतो ते बांबूच्या किमतीतून कमी होत नाहीत. त्या बाईच्या दिवसाच्या कमाईतून कमी होतात. बुरुडाचा मुलगा सुरी टाकून दुसऱ्या कामास गेला तर दोष त्याचा नव्हे.

यावर तोडगा आपल्याच हाती आहे. प्रत्येक खातेदाराने नाल्याच्या काठी अथवा पडीक बांधावर बांबूची थोडी बेटे लावावी. आपल्या खानदेशच्या कोरड्या हवेस मानवेल हीच जात मानवते. तिचा बांबू भरीव अथवा जाड भिंतीचा व चिवट असतो. पाणी साचणारी काळी जमीन तिला सोसत नाही. निचऱ्याची, मुरमाड, नाल्याकडची जमीन चालते. पाच-पाच मीटर अंतर धरले तर शंभर मीटर बांधावर वीस बेटे बसतात. पावसाच्या आरंभी रोपे लावावी, पहिली दोन वर्षे गुरांपासून राखावी व उन्हाळ्यात पाणी द्यावे. चौथ्या-पाचव्या वर्षापासून तोड मिळू लागते. त्या वर्षीचे कोवळे कोंब कधीही तोडू नयेत. पावसाळ्यात तोड करू नये. आणि बेट सगळे एकदम साफ न करता दरवर्षी जुने बांबू निवडून काढावे.

येथे एक इशारा दिला पाहिजे. मानवेलास आयुष्यात एकदाच, साधारणतः पंचवीस ते पंचेचाळीस वर्षांनी, फुलोरा येतो आणि त्यानंतर बेट वाळून मरते. म्हणून जुन्या बेटाचा कंद आणून लावला तर तो आपल्या आईच्याच वयाचा असतो; आईस फुलोरा आला की त्यासही येतो. बियांपासून केलेले रोप मात्र आपले आयुष्य नव्याने सुरू करते. रोप घेताना ते कशापासून केले आहे हे विचारून घ्यावे. शिवाय पिकाच्या अगदी लगत बेट लावू नये. त्याची सावली व मुळे जवळच्या तासांस नडतात. शेजाऱ्याच्या बांधाशी लावावयाचे तर आधी त्याचा विचार घ्यावा, नाही तर टोपलीपायी कोर्टकचेरी व्हावयाची.

असा बांबू हाती आला म्हणजे बुरुडाशी सरळ ठराव करता येतो. बांबू आमचा, मजुरी तुमची; इतक्या टोपल्या आम्हांस, आणि उरलेला बांबू तुम्हांस वाजवी दराने. यात दोघांचाही लाभ आहे. बुरुडास कच्चा माल दारात मिळतो, आपणांस आपल्या मापाची टोपली मिळते. हे एका खातेदारास जड जात असेल तर पाच-सात जणांनी मिळून करावे, किंवा गावच्या सोसायटीने हे काम हाती घ्यावे. जी सोसायटी खताची गोणी आणू शकते तिला टोपल्यांची मागणी एकत्र करणे कठीण नाही.

टोपली टिकत नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. ती टिकत नाही याचे अर्धे कारण आपण तिला टिकू देत नाही हे आहे. बांबूत पिठूळ सत्त्व असते आणि भुंगा त्यासाठी येतो. तोडलेला बांबू काही दिवस वाहत्या पाण्यात ठेवला तर ते सत्त्व बरेचसे निघून जाते. टोपली ओली ठेवू नये, जमिनीवर पालथी टाकून पावसात भिजवू नये. काम संपताच झटकून, वाळवून, टांगून ठेवावी. पूर्वी ती चुलीच्या धुरात राही व धूर तिला भुंग्यापासून राखी. आज चूल नाही, तेव्हा निदान कोरडी व वाऱ्याची जागा द्यावी. बारीक धान्यासाठी शेणाने सारवून घ्यावी, शेंगांसाठी मोकळी ठेवावी. काठाची एक कामटी सुटली की त्याच आठवड्यात बांधून घ्यावी. नांगराची एक खीळ निघाली म्हणून आपण नांगर फेकून देतो काय? टोपली मात्र फेकतो.

येथे कोणी म्हणेल की हे सारे जुन्याचे वेड आहे. क्रेट आले, यंत्रे आली, आता टोपली कशास? आम्ही क्रेटचे शत्रू नाही. केळीच्या फण्या धुऊन दूरच्या बाजारात पाठवावयाच्या असतील, माल एकावर एक रचून गाडीत भरावयाचा असेल, तर क्रेटच योग्य; टोपलीवर टोपली रचली तर खालचा माल चेपतो. परंतु क्रेट हे गाडीचे भांडे आहे, डोक्याचे नव्हे. त्याचे कोपरे डोक्यावर बसत नाहीत व चुंबळीवर ते डळमळते. तसेच त्याचे तुकडे झाले की ते शेतात वर्षानुवर्षे पडून राहतात. मोडकी टोपली उकिरड्यावर गेली की तिचे खतच होते. ज्याचे काम त्याने करावे, एवढेच आमचे म्हणणे.

याहून गंभीर आक्षेप निराळा आहे, आणि तो आमचा आम्हीच घेतो. टोपली चांगली करून दिली म्हणजे स्त्रीने आणखी पिढ्यानपिढ्या डोक्यावर ओझी वाहावीत असे आम्हांस म्हणावयाचे आहे काय? मुळीच नाही. सन १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने माणसाने वाहावयाच्या ओझ्याविषयी करार केला. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी पंचावन्न किलोची कमाल मर्यादा सांगितली असून, स्त्रियांचे ओझे पुरुषांहून पुष्कळच कमी असावे असे त्या करारात म्हटले आहे. आपल्या देशातही सन १९४८ च्या कारखाने अधिनियमात इजा होईल इतके ओझे कामगारास उचलावयास लावू नये असे कलम होते. कारखान्यातल्या बाईची मान आणि शेतातल्या बाईची मान यांत फरक काय? फरक इतकाच की शेतात ते पाहण्यास निरीक्षक नाही. तेथे आपणच मालक आणि आपणच निरीक्षक.

म्हणून आमचा नियम असा: झाडापासून बांधापर्यंत टोपली, बांधापासून पुढे चाक. पिकाच्या ओळींत गाडी जात नाही, तेथे टोपलीवाचून गत्यंतर नाही. पण बांधावर आल्यावर माल बैलगाडीत, ट्रॅक्टरच्या डब्यात, निदान हातगाडीत पडला पाहिजे. पाव कोस चालत खळ्यापर्यंत ओझे नेण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. शेतात गाडीवाट मध्यावर ठेवली तर दोन्ही बाजूंच्या खेपा निम्म्याने आखूड होतात. त्यासाठी दोन तास जमीन गेली तरी ती तोट्याची नव्हे, कारण मजुरीचा वेळ वाचतो. भरलेली टोपली एकटीने डोक्यावर घेताना कंबरेस हिसका बसतो, म्हणून डोईवर देण्यास दुसरे माणूस नेहमी जवळ असावे. नाही तर कमरेइतक्या उंचीचा दगडाचा ओटा बांधून ठेवावा.

आमची सूचना एकदम मोठी नाही. येत्या आखाजीस सालदाराचा हिशेब लिहिताना वहीच्या त्याच पानावर टोपल्यांसाठी एक ओळ घालावी. शेतात एका वेळी जितक्या बाया वाहणीस असतात तितक्या टोपल्या, आणि दोन शिलकी. त्या मध्यम मापाच्या असाव्यात व त्यांच्या किमतीपैकी एक पैही मजुरीतून कापू नये. टोपली घेताना बुरुडाशी घासाघीस न करता, बांबूचा भाव आधी विचारून मग तिची किंमत ठरवावी. आणि त्याच पावसाळ्यात नाल्याकाठी चार तरी बेटे लावावी.

आम्ही स्वतः हे केले आहे म्हणून लिहितो. बेटे अजून लहान आहेत. त्यांचा बांबू हाती येण्यास काही वर्षे जातील. टोपल्या मात्र आणल्या. पुढच्या भुईमुगास त्याच बाईने टोपली हातात घेतली, उलटी करून बूड पाहिले, काठावरून बोट फिरविले, आणि काही न बोलता कामास लागली. त्या दिवशी दुपारी कोणी घमेले खाली ठेवले नाही. आमच्या वहीत त्या टोपल्यांची किंमत खर्चाच्या बाजूस लिहिलेली आहे. वर्षाअखेरीस सर्व खर्चांकडे पाहिले तेव्हा ज्याविषयी आमच्या मनात शंका आली नाही अशा थोड्या रकमांत तिची गणना आम्ही केली.